स्केच कशावर टेकले आहे?

कॅड शिकू लागलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न विचारतो: हे स्केच नेमके कोणत्या प्लेनवर आहे, ते ओळखायचे कसे? दुसऱ्या कोणी तयार केलेली फाइल उघडली की अनुभवी डिझायनरही याच प्रश्नापाशी अडतो. प्रश्न इतका साधा की उत्तर डोळ्यांनीच मिळायला हवे. मॉडेल समोर आहे, स्केचच्या रेषा दिसत आहेत, कोपऱ्यात एक्स, वाय, झेड हे अक्षही दाखवलेले आहेत. तरीही नुसत्या डोळ्यांनी काढलेले उत्तर वारंवार चुकते. याचे कारण असे की या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. स्केच अवकाशात कोठे आहे, हा पहिला. ते तेथे कशाच्या आधाराने आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूमितीतून काढता येते. दुसऱ्याचे उत्तर रेषांमध्ये नसतेच. ते सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदीत असते आणि तेथेच वाचावे लागते. दोन्ही उत्तरे हाती आल्याखेरीज स्केचचे प्रतल ओळखले असे म्हणू नये, आणि त्यातही दुसऱ्या उत्तराकडे अधिक लक्ष द्यावे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ पक्का करू. प्रतल, म्हणजे कॅडमधले प्लेन, ही शाळेच्या भूमितीत भेटलेलीच गोष्ट: सपाट, जाडी नसलेला, चारही बाजूंनी अमर्याद पसरलेला पृष्ठ. पडद्यावर त्याचा लहानसा चौकोन दिसतो, तो केवळ आपल्याला दिसावा आणि निवडता यावा म्हणून. स्केच म्हणजे त्या प्रतलावर काढलेल्या रेषा, कंस आणि वर्तुळे. त्यांना जाडी दिली की घन आकार तयार होतो, किंवा आधीच्या घनातून तेवढा भाग कापला जातो.

१. सपाट पडद्यातून त्रिमितीत

आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीमध्ये 'स्केचपॅड' हा आपला प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायच्या आणि त्या समांतर आहेत, काटकोनात आहेत किंवा सारख्या लांबीच्या आहेत अशा अटी संगणकाला सांगायच्या, ही कल्पना त्यातून प्रत्यक्षात आली. तेव्हा स्केच कोणत्या प्रतलावर आहे हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. प्रतल एकच होते, पडदा. पण त्याच वर्षी त्याच संस्थेत टिमोथी जॉन्सन यांनी 'स्केचपॅड-३' तयार केले आणि एकाच पडद्यावर वस्तूची तीन दृश्ये व एक यथार्थदर्शी चित्र आणले. येथे अडचण उभी राहिली. लेखणी सपाट काचेवर फिरते, म्हणजे ती दोनच संख्या सांगू शकते. बिंदू मात्र अवकाशात ठेवायचा आहे आणि त्याला तीन संख्या लागतात. तिसरी संख्या कोण सांगणार?

स्केचचे प्रतल हे या अडचणीवरचे उत्तर आहे. वापरणाऱ्याने आधी प्रतल निवडायचे. मग माउसने दिलेल्या दोन संख्यांना तिसरी संख्या ते प्रतल पुरवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या प्रो-इंजिनिअरने हीच पद्धत साऱ्या रचनेचा पाया केली. घनाचा प्रत्येक भाग एका स्केचमधून, प्रत्येक स्केच एका प्रतलावर, आणि सगळी मापे नंतर बदलता येण्याजोगी. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स विंडोजवर आले आणि ही रीत साध्या संगणकावर काम करणाऱ्या छोट्या कार्यालयांपर्यंत पोहोचली. आज फ्रीकॅड, फ्यूजन, इन्व्हेंटर, ऑनशेप यांपैकी काहीही उघडले तरी नवे स्केच सुरू करताना पहिली मागणी प्रतलाचीच असते. प्रतल आधी, रेषा नंतर हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

२. डोळे कोठवर पोहोचतात

अभियांत्रिकी मॉडेल बहुधा अशा दृश्यात पाहिले जाते, जेथे दूरची वस्तू लहान दिसत नाही. मापांच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, पण त्याची एक किंमत मोजावी लागते: खोली दिसेनाशी होते. मॉडेलकडे सरळ वरून पाहत असू, तर तळाशी काढलेले वर्तुळ आणि त्याच्या बरोबर वर ४० मिमीवर काढलेले तेवढेच वर्तुळ पडद्यावर एकमेकांवर बसतात. त्यातले कोणते कोठे आहे, हे त्या दृश्यातून कळूच शकत नाही.

उपाय म्हणजे दृश्य फिरवणे. स्केच ज्या दृश्यात मिटून नुसती एक रेषा बनते, ते दृश्य सर्वांत जास्त सांगते, कारण तेव्हा आपण प्रतलाकडे त्याच्या कडेने पाहत असतो. समोरच्या आणि उजव्या अशा दोन्ही दृश्यांत स्केच आडव्या रेषेत मिटले, तर प्रतल क्षितिजसमांतर आहे आणि ती रेषा ज्या उंचीवर दिसते तीच प्रतलाची उंची. एका दृश्यात तिरकी रेषा दिसली, तर कलही तेथेच मोजता येतो. ही युक्ती जुनी आहे. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात दोन परस्परलंब प्रतलांवरच्या छायांमधून अवकाशातली वस्तू पूर्णपणे ठरवण्याचे शास्त्र उभे केले आणि १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्यावर व्याख्याने दिली. आपल्याकडे आयटीआय आणि डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या वर्गात 'एचपी' (आडवे) आणि 'व्हीपी' (उभे) म्हणून जी दोन प्रतले शिकवतात, ती याच शास्त्राची. ज्याने हाताने ती चित्रे काढली आहेत, त्याला कडेने पाहण्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र कितीही चतुराईने दृश्य फिरवले तरी हाती लागते ते फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे जागा.

३. नावावर विसंबू नये

जागा कळली की ती नावाने सांगण्याचा मोह होतो: 'टॉप प्लेनवर आहे', 'एक्स-वायवर आहे'. येथे सावध राहायला हवे. प्रत्येक नव्या फाइलमध्ये तीन मूळ प्रतले आधीच दिलेली असतात आणि ती आरंभबिंदूत एकमेकांना छेदतात. पण त्यांची नावे आणि अक्ष यांची जोडी सर्वत्र सारखी नाही. सॉलिडवर्क्समध्ये वाय अक्ष वर जातो. त्यामुळे तेथे 'फ्रंट प्लेन' म्हणजे एक्स-वाय आणि 'टॉप प्लेन' म्हणजे एक्स-झेड. फ्रीकॅडमध्ये झेड अक्ष वर जातो. तेथे एक्स-वाय हे आडवे, वरून दिसणारे प्रतल आहे आणि समोरचे प्रतल एक्स-झेड. फ्यूजनमध्ये कोणता अक्ष वर असावा हे सेटिंगमध्ये निवडता येते. एकाने फोनवर 'एक्स-वायवरचे स्केच बघा' असे सांगितले आणि दुसऱ्याच्या संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर असले, तर दोघे काटकोनात असलेल्या दोन प्रतलांविषयी बोलत राहतील आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटेल.

खात्रीची रीत म्हणजे प्रतलाचा लंब सांगणे, म्हणजे प्रतलाला काटकोनात असणारी दिशा, आणि आरंभबिंदूपासून त्या दिशेने मोजलेले अंतर. 'कोणता अक्ष वर आहे' हे एकदा सांगून 'लंब झेड दिशेत, अंतर १० मिमी' असे म्हटले की संदिग्धता उरत नाही. कल आणि अंतर मिळून तीन संख्यांत प्रतल पक्के होते: दोन संख्या कलासाठी, एक अंतरासाठी.

पण स्केचला तीन संख्या पुरत नाहीत. प्रतल ठरल्यावरही स्केचचा स्वतःचा आरंभबिंदू त्या प्रतलावर कोठे आहे, आणि स्केचचा आडवा अक्ष कोणत्या दिशेला वळलेला आहे, हे सांगावेच लागते. त्यासाठी आणखी तीन संख्या, म्हणजे एकूण सहा. एक लहान उदाहरण पाहू. स्केचमध्ये एक बिंदू (२०, १५) या ठिकाणी आहे. फ्रीकॅडमध्ये हे स्केच १० मिमी उंचीच्या आडव्या प्रतलावर, न वळवता ठेवले, तर अवकाशात तो बिंदू (२०, १५, १०) होतो. तेच स्केच एक्स-झेड प्रतलावर ठेवले तर (२०, ०, १५), आणि वाय-झेडवर ठेवले तर (०, २०, १५). स्केचमधला बिंदू तोच, अवकाशातल्या जागा तीन. उलट बाजूने पाहिले तर, स्केचमधले आकडे कितीही वाचले तरी त्यांतून प्रतल कळत नाही.

फ्रीकॅडमध्ये ही जागा 'प्लेसमेंट' या नावाखाली लिहिलेली असते: एक स्थान, एक फिरण्याचा अक्ष आणि एक कोन. एक्स-झेडवरच्या स्केचला तेथे एक्स अक्षाभोवती ९० अंश दिसतात. ते लगेच पटते. वाय-झेडवरच्या स्केचला मात्र १२० अंश दिसतात आणि अक्षाचे तिन्ही घटक सारखे, प्रत्येकी सुमारे ०.५८. नवख्याला वाटते, काहीतरी बिघडले आहे. बिघडलेले काही नाही. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाभोवती घन १२० अंश फिरवला, तर एक्सच्या जागी वाय, वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी एक्स येतो. स्केचचा आडवा अक्ष वायवर आणि उभा अक्ष झेडवर बसवायला नेमके हेच हवे असते. आणखी एक बारकावा येथेच सांगून टाकतो, कारण तो बराच वेळ वाचवतो: फ्रीकॅडमध्ये एक्स-झेड स्केचचा लंब वाय अक्षाच्या ऋण दिशेला जातो. म्हणून त्याला १० मिमी जाडी दिली की घन वायच्या शून्यापासून उणे १० पर्यंत वाढतो, म्हणजे समोरून पाहणाऱ्याकडे. 'उलट्या बाजूला का गेले?' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते.

४. जागा एक, आधार चार

आता मुख्य मुद्दा. फ्रीकॅडमध्ये १०० बाय ६० मिमीचा आयत आडव्या मूळ प्रतलावर काढून त्याला १० मिमी जाडी दिली, अशी एक पोलादी प्लेट घेऊ. तिच्या वरच्या पृष्ठावर १२ मिमी व्यासाची, ४ मिमी खोल गोल खाच पाडायची आहे. वर्तुळाचे स्केच १० मिमी उंचीवर हवे. ते तेथे आणण्याचे निदान चार मार्ग आहेत. पहिला, प्लेटचे वरचे पृष्ठ निवडून त्यावर स्केच काढणे. दुसरा, मूळ प्रतलापासून १० मिमी वर एक सहायक प्रतल, ज्याला डेटम प्लेन म्हणतात, तयार करून त्यावर काढणे. तिसरा, स्केच मूळ आडव्या प्रतलालाच जोडणे पण १० मिमीचे अंतर, म्हणजे ऑफसेट, देणे. चौथा, स्केच कशालाच न जोडता त्याच्या प्लेसमेंटमध्ये झेडची किंमत १० लिहिणे.

चारही मार्गांनी वर्तुळ त्याच जागी येते. कोणतेही दृश्य फिरवा, कोणतेही माप घ्या, फरक सापडणार नाही. खाचही अगदी सारखी पडते. भूमितीला विचारले तर ती सांगेल, ही चारही स्केचेस एकाच प्रतलावर आहेत, आणि तिचे म्हणणे खरे असेल.

मग प्लेटची जाडी १० वरून १६ मिमी करा. पहिले स्केच पृष्ठाबरोबर १६ वर जाते आणि खाच नव्या पृष्ठावर, हवी तशी पडते. उरलेली तिन्ही १० वरच राहतात. त्यांतून ४ मिमी खाली कापले जाते, म्हणजे १० पासून ६ पर्यंत. वर ६ मिमी पोलाद, खाली ६ मिमी पोलाद, आणि मध्ये बंद पोकळी. बाहेरून प्लेट सलग दिसते. वजन तपासले तरी शंका येणार नाही: प्लेट साधारण ७५४ ग्रॅमची आणि पोकळीमुळे कमी झालेले वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. असा भाग कोणत्याही ड्रिलने बनवता येत नाही, तरी मॉडेल कोणतीही तक्रार न करता तो दाखवते. याउलट जाडी ६ मिमी केली, तर ही तिन्ही स्केचेस पृष्ठाच्या ४ मिमी वर हवेत राहतात. ४ मिमी खाली कापूनही काप पृष्ठापर्यंत जेमतेम पोहोचतो आणि खाच पडतच नाही.

भिंतीत बसवलेल्या कपाटाच्या दारावर लावलेले कॅलेंडर आणि शेजारी भिंतीवर लावलेले कॅलेंडर यांचा विचार करा. दार बंद असताना दोन्ही एका पातळीत दिसतात. कोणते कशावर आहे हे दूरून पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, आणि तोवर ते सांगण्याची गरजही नसते. दार उघडले की एक फिरते, दुसरे जागीच राहते. मॉडेलमध्ये मापे बदलणे म्हणजे हे दार उघडणे आहे, आणि मापे बदलता यावीत म्हणूनच तर अशी मॉडेल बनवली जातात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो चुकीचा नाही. कारखान्यात भाग कापणाऱ्याला शेवटचा आकार हवा असतो. स्केच कशावर टेकले होते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. स्टेप स्वरूपातली फाइल पाठवली जाते तेव्हा तिच्यातून सहसा तयार आकारच जातो, तो कसा घडला याचा इतिहास जात नाही, आणि यंत्राचे काम त्यावर सुरळीत चालते. हे पूर्ण मान्य. पण हा युक्तिवाद आकार अंतिम झाल्यानंतरचा आहे. आकार अंतिम होण्याआधी, म्हणजे डिझायनरच्या हाती फाइल असते त्या सगळ्या काळात, जाडी बदलणार, भोके सरकणार, एकाने केलेल्या मॉडेलवर दुसरा काम करणार. या काळात स्केचची जागा हा परिणाम असतो आणि त्याचा आधार हे कारण. परिणाम पाहून कारण ओळखता येत नाही, हे वरच्या चार स्केचेसनी दाखवले.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत. फ्रीकॅडमध्ये स्केचच्या गुणधर्मांत 'प्लेसमेंट' वेगळे आणि 'अटॅचमेंट सपोर्ट' वेगळे. सॉलिडवर्क्सला प्रोग्राममधून विचारायचे झाल्यास स्केच ज्यावर आहे ती वस्तू मिळवण्याची आज्ञा एक, आणि मॉडेलच्या निर्देशकांतून स्केचच्या निर्देशकांत नेणारे रूपांतर मिळवण्याची दुसरी. फ्यूजनमध्येही स्केचचे संदर्भ-प्रतल आणि स्केचचे रूपांतर हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या तीन प्रणाली एकाच ठिकाणी रेघ मारतात, तेव्हा ती रेघ विषयातच आहे असे मानायला हरकत नाही.

५. नोंद कोठे वाचायची

बाजूला दिसणारा वृक्ष, म्हणजे फीचर ट्री, पाहिला की आधार कळेल असे पुष्कळांना वाटते. वृक्ष उपयोगी आहे, पण या बाबतीत फसवतो. सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड दोन्हींत स्केच ज्या भागासाठी वापरले गेले, त्या भागाच्या पोटात ते दाखवले जाते. वर्तुळाचे स्केच खाचेखाली दिसते. त्यावरून ते खाचेवर आधारलेले आहे असे वाटते. वास्तविक खाच स्केचवर आधारलेली आहे. स्केच कशावर आहे हे वृक्षातल्या त्या जागेवरून कळतच नाही.

सॉलिडवर्क्समध्ये स्केचवर उजवे क्लिक करून 'एडिट स्केच प्लेन' निवडले की एका चौकटीत आधाराचे नाव दिसते: मूळ प्रतल, सहायक प्रतल किंवा घनाचे एखादे पृष्ठ, आणि मॉडेलमध्ये ती जागा उजळते. वाचून झाले की रद्दचे चिन्ह दाबूनच बाहेर पडावे. मध्येच दुसऱ्या पृष्ठावर क्लिक झाले आणि होकार दिला गेला, तर स्केच तेथे निघून जाते. त्याच मेनूतला 'पेरेंट/चाइल्ड' हा पर्याय स्केच कोणाकोणावर अवलंबून आहे आणि स्केचवर कोण अवलंबून आहे, या दोन्ही याद्या देतो. काहीही बदलण्याचा धोका नसल्याने नुसते पाहायचे असेल तेव्हा हाच पर्याय मला अधिक योग्य वाटतो. ऑनशेपमध्ये स्केच संपादनासाठी उघडले की प्रतलाची चौकट समोरच असते, आणि फ्यूजनमध्ये 'रीडिफाइन स्केच प्लेन' त्याच कामाचे आहे.

फ्रीकॅडमध्ये स्केच निवडून गुणधर्मांच्या 'डेटा' भागात तीन ओळी पाहायच्या. 'अटॅचमेंट सपोर्ट' आधाराचे नाव सांगते. 'मॅप मोड' जोडणीची पद्धत सांगतो. सपाट पृष्ठावर बसवले असेल तर 'फ्लॅट फेस'. तेथे 'डीअ‍ॅक्टिव्हेटेड' लिहिलेले असेल, तर स्केच कशालाच जोडलेले नाही, आपल्या उदाहरणातल्या चौथ्यासारखे. अशा स्केचला जागा असते पण आधार नसतो, आणि त्याचे उत्तर 'कशावरही नाही' हेच द्यायला हवे. तिसरी ओळ 'अटॅचमेंट ऑफसेट'. ती न पाहता केवळ आधाराचे नाव वाचणारा तिसऱ्या स्केचच्या बाबतीत फसेल: आधार मूळ आडवे प्रतल, पण स्केच त्याच्या १० मिमी वर.

प्लेसमेंट वाचताना आणखी एक खबरदारी. फ्रीकॅडमध्ये 'बॉडी'च्या, म्हणजे एका घनाच्या साऱ्या पायऱ्या एकत्र ठेवणाऱ्या गटाच्या, आत असलेल्या स्केचची प्लेसमेंट त्या बॉडीच्या संदर्भात लिहिलेली असते. बॉडीच ५० मिमी वर उचलून ठेवली असेल, तर स्केचच्या ओळीत १० दिसत असताना ते जागतिक निर्देशकांत ६० वर असते. अनेक भाग जोडून केलेल्या असेंब्लीत हे प्रत्येक भागाला लागू होते. म्हणून 'कोठे' असे विचारताना 'कोणाच्या दृष्टीने' हेही विचारावे.

६. पृष्ठावर टेकवावे की टाळावे

आधाराचे इतके महत्त्व असेल, तर सगळी स्केचेस तीन मूळ प्रतलांवर किंवा त्यांच्यापासून मोजलेल्या सहायक प्रतलांवरच का काढू नयेत? हा सल्ला अनेक शिक्षक देतात आणि त्यामागे ठोस कारण आहे. मूळ प्रतले कधी नाहीशी होत नाहीत. घनाचे पृष्ठ मात्र मॉडेलच्या आधीच्या पायऱ्यांतून निर्माण होते आणि त्या पायऱ्या बदलल्या की तेही बदलते. फ्रीकॅडमध्ये पृष्ठांना 'फेस ६' अशी क्रमांकाची नावे मिळतात. मॉडेलमध्ये आधीच्या टप्प्यावर एखादी कड गोल केली तर क्रमांक नव्याने पडतात, आणि काल वरचे पृष्ठ असलेले 'फेस ६' आज बाजूचे असू शकते. स्केच निमूटपणे त्या बाजूच्या पृष्ठावर जाऊन बसते. हा दोष बरीच वर्षे फ्रीकॅड वापरणाऱ्यांना छळत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत पृष्ठांची ओळख टिकवण्याची नवी व्यवस्था आली आणि तो बराच आटोक्यात आला. इतर सॉफ्टवेअरमध्येही आधाराचे पृष्ठच नाहीसे झाले, तर स्केच निराधार होते आणि वृक्षात इशाऱ्याचे चिन्ह उमटते.

तरीही 'पृष्ठावर कधीच नको' हा नियम मला पटत नाही. वरच्या उदाहरणात जाडी बदलल्यावर बरोबर वागले ते एकच स्केच, आणि ते पृष्ठावरचे होते. खाच पृष्ठावरच असली पाहिजे ही डिझायनरची इच्छा पहिल्या जोडणीत लिहिली गेली होती. उरलेल्या तिघांत ती फक्त डिझायनरच्या डोक्यात होती. सहायक प्रतलाची उंची जाडीच्या मापाशी सूत्राने बांधली तर तेही तसेच वागेल, आणि गुंतागुंतीच्या मॉडेलमध्ये तो उत्तम मार्ग आहे. निवड करताना एकच कसोटी लावावी: आधार बदलला तर या स्केचने हलावे असे मला वाटते का? फिरत्या शाफ्टच्या मध्यरेषेवर अवलंबून असलेले भोक कव्हरची जाडी वाढली म्हणून सरकता कामा नये. त्याला मूळ प्रतलावरच ठेवावे. कव्हरच्या पृष्ठावर कोरायची अक्षरे पृष्ठाबरोबरच जायला हवीत.

७. नोंदच नसेल तेव्हा

बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कधी नुसत्या रेषा असतात, आधाराची नोंद नसते. तेव्हा भूमितीकडे परत जावे लागते. एका सरळ रेषेत नसलेले तीन बिंदू एक आणि एकच प्रतल ठरवतात. झेड अक्ष वर आहे असे धरून पहिला बिंदू (०, ०, ०), दुसरा (५०, ०, ०) आणि तिसरा (०, ३०, ४०) घेऊ. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाताना फक्त एक्स वाढतो, म्हणजे प्रतलात एक्सची दिशा पूर्ण सामावलेली आहे. पहिल्यापासून तिसऱ्याकडे जाताना वाय ३० ने वाढला की झेड ४० ने वाढतो. म्हणजे हे प्रतल एक्स अक्षातून जाते आणि दर ३० मिमी मागे सरकताना ४० मिमी चढते. आडव्या प्रतलाशी त्याचा कोन सुमारे ५३ अंश. त्यावरच्या प्रत्येक बिंदूसाठी वायची चौपट आणि झेडची तिप्पट सारखी येते. स्केचमधला चौथा बिंदू या कसोटीला उतरला नाही, तर रेषा एका प्रतलात नाहीतच. सॉलिडवर्क्समधले 'थ्री-डी स्केच' असेच असते; त्यातल्या रेषा अवकाशात मोकळ्या वळू शकतात, म्हणून तेथे एकच प्रतल शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि स्केचमध्ये एकच सरळ रेषा असेल तर? एका रेषेतून अगणित प्रतले जातात, म्हणून भूमिती येथे हात टेकते. तरी ज्या फाइलमध्ये नोंद शाबूत आहे, तेथे त्या एकट्या रेषेच्या स्केचचेही प्रतल निश्चित असते, कारण ते रेषा काढण्याआधीच ठरलेले होते. नोंद हरवलेल्या फाइलमध्ये मात्र ते आपणच ठरवून द्यायचे: योग्य प्रतल तयार करायचे, स्केच त्याला जोडायचे. जोडल्यावर नुसती जागा पाहून थांबू नये. प्रतल बरोबर असूनही स्केचचा आडवा अक्ष वळलेला किंवा लंब उलटा असू शकतो, म्हणून सहाही संख्या पाहाव्यात आणि थोडी जाडी देऊन घन कोणत्या बाजूला वाढतो ते तपासावे. त्यानंतर ज्या मापावर आधार अवलंबून आहे, ते माप मुद्दाम बदलावे, स्केच हलते की जागीच राहते ते पाहावे आणि मगच माप पूर्ववत करावे.